नावेतल्या कोठीची गळती

गावात उंदीर पडायला लागले तेव्हा मला आठवा महिना होता. भाद्रपद चालू होता. माझे यजमान गंगेकाठच्या त्या गावात शाळामास्तर होते. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तहसिलीचा हुकूम आला आणि दोन दिवसांत गाव उठलं. लोकांनी आपापल्या शेतात तुराट्यांची खोपटी घातली. आम्ही परगावचे, आमचं शेत कुठलं असणार? माहेरी निरोप धाडला, तर भावाचा उलटा निरोप आला: प्लेगच्या गावातलं माणूस गावकरी शिवेच्या आत घेत नाहीत, माझा इलाज नाही. त्याचं खोटं नव्हतं. तरी त्या दिवशी मी रिकाम्या घरात ट्रंकेवर बसून पोटभर रडले.

आम्हाला आसरा दिला तो नावाड्यानं. गंगेवरच्या उताराची, माणसं पैलतीरी पोचवणारी मोठी नाव तो चालवायचा. पन्नाशी उलटलेला, काटक, तुटक बोलणारा माणूस. प्लेगमुळं उतार बंद झाला होता आणि नाव डोहात, काठापासून चार हात लांब, बांधून ठेवलेली होती. तिच्या मागच्या अंगाला फळ्यांची एक लहानशी खोली होती. दौऱ्यावर आलेले अंमलदार पाऊस लागला की तिच्यात बसायचे. नावाडी तिला कोठी म्हणायचा.

"मास्तर, बाईला नावेवर आना," तो यजमानांना म्हणाला. "चहूकडून पानी हाय. उंदराची जात तिथं यायची न्हाई."

त्याची बायको पुढच्या अंगाला चूल मांडून बसलेलीच होती. मी फळीवरून नावेत पाय टाकताना तिनं माझं कोपर धरलं, ते मला आत बसवूनच सोडलं. त्या दिवसापासून तो माझा मामा आणि ती मामी.

कोठीत दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढीच जागा. यजमान सकाळीच रानात जायचे. परभणीहून टोचणीवाले डॉक्टर आले होते, त्यांच्याबरोबर खोपटी हिंडून लोकांची नावं लिहायची, कुणी टोचून घ्यायला भ्यालं तर समजूत घालायची, असं त्यांचं काम. दिवसभर मी आणि मामी.

चौथ्या दिवशी पाऊस आला आणि कोठीच्या मधोमध, नेमकं अंथरुणावर, पाणी टपकायला लागलं. मामांनी छतावर चढून टपकत होतं त्याच्या बरोबर वर डांबर लावलं. पुढच्या पावसात तिथंच टपकलं. मग त्यांनी छताचे सगळे जोड डांबरानं भरून काढले. तरी तेच. पाऊस थांबून घटका झाली तरी थेंब चालूच राहायचा. भरीला भर म्हणजे अंथरूण खालूनही ओलं लागायचं. मला खोकला झाला. मामी रोज सकाळी माझ्या वाकळा काठावरच्या खडकावर वाळत घालायच्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पोटुशीला असल्या वल्ल्यात निजवायचं का?"

मामा दोन दिवस छतावर चढून फटी चाचपत राहिले. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, कोठी आतून खडखडीत वाळली, तेव्हा ते मला म्हणाले, "माय, पानी टपकतंय तिथून येत न्हाई. कुठून तरी शिरायलंय आन् लपत-छपत तिथवर जायलंय. आज त्याची वाट धरायची."

वाट कशी धरायची ते मामींनी शोधून काढलं. त्यांनी चुलीतली राख चाळली आणि कोठीच्या आतल्या भिंतींच्या फळ्यांवर, आडव्या वाशांवर कापडाच्या पुरचुंडीनं थोपटून थोपटून लावली. कोरड्या राखेवर पाण्याचा ओघळ आला की काळी रेघ उमटणार. मला आत बसवलं. मामा बाहेरून घागरीनं पाणी घालणार, पण एकदम वरून नाही. आधी भिंतीच्या तळाशी, मग खिडकीच्या चौकटीवर, मग छताच्या कडेवर, सगळ्यात शेवटी माथ्यावर. एकदम वरून ओतलं तर पाणी सगळीकडून वाहणार आणि काहीच कळणार नाही.

"आलं का?"

"नाही मामा."

"आता?"

"नाही."

एकेका जागी चार-चार घागरी ओतून ते थांबायचे. मी मान वर करून बघत राहायची. पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि मला, खरं सांगते, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मजा वाटत होती. दुपार कलली. मामा छताच्या पुढच्या कडेला पाणी घालत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या राखेत मुंगीएवढा काळा ठिपका उठला. तो लांबला. वाशाच्या बाजूनं सरकत सरकत तो चांगला तीन हात आला, वाशाला गाठ होती तिथं अडला आणि थेंब होऊन माझ्या मांडीवर पडला.

"आलं! आलं!" मी एवढ्यानं ओरडले की मामींना वाटलं, कळाच सुरू झाल्या.

ओघळ निघाला होता तिथं बाहेरून एक लोखंडी कडी ठोकलेली होती. ताडपत्री बांधायला म्हणून. मामांनी ती हलवून पाहिली, तर दातासारखी हलली.

"ही म्याच ठोकली, गुदस्ता," ते म्हणाले. "सगळी नाव धुंडली आन् चोर घरातच."

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामाही हसले. मग त्यांनी कडी उपटली, लाकडाची खुंटी राळेत बुडवून भोकात ठोकली आणि वर डांबर दिलं.

खालच्या ओलीचा शोध दुसऱ्या दिवशी लागला. ते पाणी छतावरचं की तळातलं, हे कळेना. मामींनी मूठभर हळद तळाशी साठलेल्या पाण्यात कालवली आणि मला पांढरं कापड मागितलं. माझ्यापाशी यजमानांचं धुतलेलं धोतर होतं, तेच कोठीच्या खालच्या फळ्यांवर अंथरलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या एका काठावर पिवळा पट्टा उमटला. म्हणजे पाणी खालून, तळाच्या फळीच्या फटीतून चढत होतं. मामांनी तळ उपसून कोरडा केला, कापसाची वात पिळून राळ-तेलात भिजवली आणि बोथट छिन्नीनं ती फटीत बसवत गेले. वाती मी वळून देत होते. धोतराचा पिवळा पट्टा काही गेला नाही. यजमान तेच नेसून टोचणीला गेले, तर लोकांनी विचारलं, "मास्तर, हळद लागली का?"

आश्विनात एका सकाळी मला कळा सुरू झाल्या, आणि पावसानं तोच दिवस धरला. यजमान लांबच्या खोपट्यांकडं गेलेले. सुईण पलीकडच्या काठावर. मामींनी बाह्या सारल्या, पाणी तापायला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भिऊ नगं माय. म्या हाय."

मामा बाहेर पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन सुकाणूपाशी बसले. पाऊस फळ्यांवर ताशासारखा वाजत होता. मधूनच त्यांचा आवाज यायचा, "गळायलंय का?" मामी आतून ओरडायच्या, "टिपूस न्हाई! गप बसा!" असं किती वेळा झालं कोण जाणे. कळांच्या मधल्या उसंतीत मी वर वाशाकडं बघायची. तो कोरडा होता. दुपारनंतर मुलगी झाली. कोरड्या वाकळेवर, कोरड्या छपराखाली, चहूकडून पाणी असताना.

मामींनी बाहेर ओरडून सांगितलं. मी दारातून पाहिलं, तर मामा गंगेकडं तोंड करून, हात जोडून उभे होते आणि खोळ पाठीवरून घसरून पडली होती.

मार्गशीर्षात गाव परत भरलं. घरं सारवून, चुना देऊन आम्ही आपल्या घरी आलो. लेक तीन महिन्यांची झाली तेव्हा मी तिला घेऊन मामा-मामींच्या झोपडीवर गेले. मामी चुलीपुढं बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी घाईनं भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते पाठीमागं सारलं. माशाचा वास आला, आणि माझ्या ध्यानात आलं की नावेवर मी तीन महिने होते, पण त्या चुलीवर एकदाही मासा शिजला नव्हता. गंगेवर जगणारी माणसं ती. आम्ही शिवराक, मासमच्छी न खाणारे, म्हणून दोघांनी भाकरी आणि वरणावर दिवस काढले, आणि त्यातलं एक अक्षर मला कळू दिलं नाही.

"झाकता कशाला मामी?" मी म्हणाले. "तुमचं जेवण होऊ द्या."

त्या अवघडून हसल्या. मी लेकीला मामांच्या मांडीवर दिलं, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि मामींची भाकरी तव्यावर करपत होती, ती उलटायला चुलीपाशी बसले.