बुजवलेला चर

दिंडोरीकडच्या रंगनाथला गावात कोणी वाईट म्हणणार नाही. द्राक्षबागेत त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या, तरी गडी हवेत गेला नाही. पण गाड्या वळवायला जागा पुरेना, तेव्हा त्याची अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

बागेतलं पावसाचं पाणी बांधालगतच्या चरातून ओढ्याला जायचं. दर मे महिन्यात वरून रंगनाथ आणि खालच्या शेतातली सखुबाई मिळून हा चर साफ करायचे. यंदा रंगनाथने तिला न विचारताच आपल्या बाजूचा चर मुरुमाने बुजवला आणि वर सिमेंटच्या फरशा बसवल्या. सखुबाई फावडं घेऊन आली, तर हा म्हणाला, काळजी करू नको मावशी, खालून पाइप टाकलाय. कसला पाइप नि कसलं काय! पुढच्या आठवड्यात टाकू, असं त्याच्या मनात होतं. तो आठवडा काही उगवला नाही.

सप्टेंबरात एका दुपारी पाऊस धो धो कोसळला. फरशांवरचं सगळं पाणी बांध फोडून सखुबाईच्या कांद्याच्या रोपात घुसलं. तिची पुढची सगळी लागवड त्याच रोपावर होती. तासाभरात ते चिखलाखाली गेलं. रंगनाथने वरून पाहिलं, पण खाली उतरायची त्याची छाती झाली नाही.

रविवारी सखुबाई नेहमीसारखी पाहुण्यांच्या भाकरी थापायला आली. तिने शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. जेवताना एका पाहुणीने विचारलं, खालच्या शेताचं असं कशानं झालं? ताटं वाढणाऱ्या रंगनाथची कानशिलं तापली.

"पाऊसच लय झाला," सखुबाई म्हणाली. "पाइप तुंबला आसंल. रंगनाथ तरी काय करनार? सांजच्याला दोघं मिळून मोकळा करू."

बाई अजून त्या पाइपावर विसंबून होती. रंगनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, खाली पाइप नाय," सगळ्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला. "मी तुला खोटं सांगितलं. तुझं रोप मीच बुडवलं."

सखुबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"तवाच सांगितलं आसतं," ती म्हणाली, "तर मी रोप वरच्या वाफ्यात टाकलं आसतं."

तिने पिठाचा पुढचा गोळा हातात घेतला. रंगनाथला तिथे उभं राहवेना, पण पाहुणे भाकरीची वाट बघत होते.