धर्माजीचा तात्पुरता दरवाजा

धर्माजीचा दरवाजा मी पहिल्यांदा पाहिला तो १९६६ साली. तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि कागदोपत्री पुढच्याच महिन्यात निघणार होता.

मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि भाईंदरच्या खाडीलगत एका मिठागराच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. कचेरी म्हणजे एक कौलारू खोली, दोन टेबलं, एक टाइपरायटर आणि मॅनेजर जयकुमारभाई. मालकांचं मुख्य ऑफिस मुंबईच्या फोर्टात. तिथली मंडळी मिठागर पाहायला क्वचितच येत. त्यांना मिठागर कळायचं ते आमच्या पत्रांतून, आणि ती पत्रं इंग्रजीत लिहायचं काम माझं.

मिठागराला खाडीच्या बाजूने मातीचा बांध असतो आणि बांधात एक दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला ती उघडून खारं पाणी आत घ्यायचं, मग बंद करायची. पावसाळ्यात उलट, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं. आमच्या उघाडीचं सागवानी दार १९६४ च्या एका उधाणात फुटलं. पाणी आत घुसलं तर मिठाचे सगळे वाफे बसणार होते. तेव्हा जुन्या भाईंदरातला धर्माजी नावाचा कोळी पुढे झाला. त्याची होडी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. त्याने ती फोडली, तिच्या फळ्या उघाडीच्या दोन खांबांच्या खाचांत एकावर एक सोडल्या, फटींत चिखल आणि गोणपाट ठोकलं, आणि पाणी थांबवलं.

होडी गेली. तिच्या बदल्यात त्या वेळच्या मॅनेजरने त्याला सांगितलं की नवा दरवाजा बसेपर्यंत फळ्या काढा-घालायला तूच राहा, आणि पाणी बाहेर सोडताना उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायची तुला मुभा. पगार नावाला होता. घर चालायचं ते जाळ्यावर. बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर करंदी यायची, चिवणी यायची, आणि धर्माजीची बायको शेवंती ती टोपलीत घेऊन गोडदेवपर्यंत विकत जायची. ते माहेर होतं तिचं. ती म्हणायची, "माहेरच्यांना म्हाग विकते, ती बोलत न्हाईत काय."

म्हणजे नवा दरवाजा आला की धर्माजीची नोकरी जाणार, बांधावरची झोपडी जाणार आणि जाळंही जाणार. हे त्याला ठाऊक होतं, जयकुमारभाईंना ठाऊक होतं, आणि पहिल्या आठवड्यातच मलाही कळलं.

धर्माजी उंच, काटक, कमरेला लाल रुमाल आणि डोक्यावर जुनी टोपी. भरतीची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळायची. मला तो मेताजी म्हणायचा. मिठागराच्या कारकुनाला तेच नाव. मी बांधावर गेलो की तो विचारायचा, "काय मेताजी, माजं दार गेलं का ऱ्हायलं?"

"राहिलं."

"मंग बस. चा घे."

दरवर्षी ऑक्टोबरात, हंगाम सुरू होण्याआधी, फोर्टाला मिठागराच्या स्थितीचं पत्र जायचं. त्यात उघाडीचं एक वाक्य असायचं. पहिल्या वर्षी मी लिहिलं, दरवाजा टेम्पररी आहे, पण काम नीट चाललं आहे. फोर्टाने वाचलं आणि सोडून दिलं. पण कॉलेजात पत्रव्यवहार शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला बजावलं होतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणं ही लेखनातली गरिबी आहे. ते माझ्या मनात पक्कं बसलं होतं. म्हणून पुढच्या वर्षी मी प्रोव्हिजनल लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी इंटरिम. शब्दकोश उघडून मी दर ऑक्टोबरात त्या फळ्यांना नवा शब्द घालायचो, आणि मनातल्या मनात खूश व्हायचो.

१९७२ च्या ऑक्टोबरात जयकुमारभाई मुलीच्या लग्नासाठी महिनाभर भावनगरला गेले. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. पत्रही मीच लिहिलं आणि त्यांच्या वतीने सहीही मीच केली. त्या वर्षी मी लिहिलं, मेकशिफ्ट.

बारा दिवसांत फोर्टातून उत्तर आलं. मिठागराची उघाडी इतक्या वाईट अवस्थेत असल्याचं आजवर का कळवलं नाही? इंजिनिअर पाठवत आहोत.

जयकुमारभाई परत आले. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बीकॉम, तू काय लिहिला हे?" ते मला बीकॉमच म्हणायचे.

"तेच लिहिलं, साहेब. टेम्पररी, मेकशिफ्ट, एकच अर्थ आहे."

"एकच? खाली वाक. तुझ्या टेबलाच्या पायाखाली बघ."

मी वाकलो. टेबलाचा एक पाय तुटका होता आणि त्याखाली विटेचा तुकडा होता.

"ते मेकशिफ्ट. हाताला लागला ते घातला, दिसायला खराब, भरवसा नाही. आता इथे बघ." त्यांनी ओठ वर करून सोन्याचा दात दाखवला. "हा सब्स्टिट्यूट. खऱ्याच्या जागी बसला, पण खऱ्यापेक्षा मजबूत आहे. बांधाला खांड पडते तेव्हा आपण गोणी टाकतो ना, ती स्टॉपगॅप. सगळ्यांना माहीत, उद्या माती आली की गोणी निघणार. आणि माझ्या खुर्चीवर महिनाभर तू बसला, ते ॲक्टिंग." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि ॲक्टिंग पण खराब केली."

मी विटेचा तुकडा पायाने नीट सरकवला.

"टेम्पररी म्हणजे फक्त वेळेची गोष्ट आहे रे. किती पण वर्षं चालते. तू आठ वर्षं चांगल्या चाललेल्या दाराला खराब म्हणून टाकला."

जानेवारीत इंजिनिअर आला. तरुण होता, पायात बूट. ओहोटीला आम्ही त्याला उघाडीवर नेलं. तो वाकून फळ्या पाहू लागला.

"ये किसने बनाया?"

"हमने, साहेब," धर्माजी म्हणाला. "होडी तोडके."

"इसमें होडी का कौनसा हिस्सा बचा है अभी?"

"दोन फल्या. बाकी सब बदली किया. एक सडा तो एक निकालनेका, दुसरा डालनेका. पानी को मालूम भी नहीं पडता."

इंजिनिअर हसला. चांगला माणूस होता तो. पण वहीत त्याने लोखंडी दरवाजाच लिहिला, चाक फिरवून वर-खाली होणारा. "इसको आदमी नहीं लगेगा," जाताना तो जयकुमारभाईंना म्हणाला. "चौकीदार भी घुमा लेगा."

धर्माजीने ते ऐकलं. त्या संध्याकाळी मी त्याच्या झोपडीत गेलो आणि सगळं सांगितलं. शब्द मी बदलला, चूक माझी. शेवंती चुलीपाशी करंदी निवडत होती.

धर्माजीने विचारलं, "म्हंजी आदी जो सबूद लिवायचास, तो चांगला व्हता?"

"हो."

"आन तो तुना का बदलला?"

सरांनी सांगितलं होतं, असं त्याला कसं सांगणार?

शेवंतीने मान वर केली नाही. "मेताजी, आमच्या जाल्याला उंदरानं भोक पारलं तर मी त्याला पकरून मारते. तुजं काय करू?"

"गप गो," धर्माजी म्हणाला. "चा दे त्याला."

तिने चहा दिला. त्यात साखर नव्हती. विसरली असेल असं मी तेव्हा मनाला समजावलं.

पुढचे काही दिवस कामात लक्ष लागेना. आमच्याकडे पाणी वाफ्यांत चढवायला दोन पंप होते. एक चालायचा, दुसरा नुसता उभा असायचा. पंपावरचा माणूस दुसऱ्यालाही रोज तेल द्यायचा, फडक्याने पुसायचा. एका सकाळी मी त्याला सहज विचारलं, "हा तर चालतच नाही. मग इतकी उस्तवार कशाला?"

"स्टँडबाय हाय ना. पयला बंद पडला तर? मंग तेल घालत बसू का तवा?"

मी कचेरीत आलो आणि जयकुमारभाईंना म्हणालो, "साहेब, लोखंडी दार अडकलं तर काय करायचं?"

"ते फोर्टवाल्यांना विचार."

"विचारत नाही, सांगतो. खांबांच्या खाचा आहेत तशा ठेवायच्या, लोखंडी दार त्यांच्या पुढे बसवायचं. फळ्या स्टँडबाय. आणि स्टँडबायला रोज बघणारा माणूस लागतो. पंपाला लागतो तसा."

जयकुमारभाईंनी शब्दकोश ओढला, बोट फिरवलं, मिटला. "लिही," ते म्हणाले. "पण मला दाखव. आणि सही मी करणार."

ते पत्र मी चार वेळा टाइप केलं. तो शब्द त्यात तीनदा आला. मुद्दाम तीनदाच आणला.

उत्तर मार्चात आलं. लाकडी फळ्या राखीव म्हणून ठेवाव्यात. देखरेखीचा माणूस सध्याच्याच अटींवर चालू ठेवावा.

मी पत्र घेऊन बांधावर गेलो. धर्माजी गोणपाट भिजवत होता. मी वाचून मराठीत सांगितलं, आणि मग खरं तेही सांगितलं, की सध्याच्या अटी म्हणजे अजूनही कायम नाहीच. मला वाईट वाटत होतं. एवढं करून त्याला पक्की नोकरी मिळाली नव्हती.

त्याने एकच विचारलं. "जाल्याचं काय लिवलंय?"

"जाळ्याचं काहीच लिहिलं नाही."

"कायच न्हाय?"

"नाही."

"मंग ऱ्हायलं," तो म्हणाला आणि झोपडीकडे तोंड करून ओरडला, "शेवंते, जालं ऱ्हायलं गो!"

मे महिन्यात लोखंडी दरवाजा बसला. लाल रंगाचा, वर मोठं चाक. पावसाळ्यात ओहोटीला चौकीदार चाक फिरवायचा, दार वर जायचं, मागे धर्माजी आपल्या फळ्या एकेक करून उचलायचा आणि तोंडाशी जाळं लावायचा. पहिल्यांदा तसं जाळं लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या पायरीवर सागाच्या पानात बांधलेली करंदी होती. ठेवून शेवंती निघून गेली होती. जयकुमारभाई जैन. त्यांनी लांबूनच नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "बीकॉम, तुझी माफी आली बघ. बाहेर नेऊन ठेव."

खाऱ्या हवेने ते चाक तिसऱ्या वर्षीच गंजून जाम झालं. दार अर्धवट वर अडकलं ते तसंच राहिलं, आणि फळ्या पुन्हा एकट्याच पाणी अडवू लागल्या. फोर्टाला लिहिलेल्या पत्रात मात्र त्या शेवटपर्यंत स्टँडबायच होत्या. तो शब्द मी पुन्हा बदलला नाही.

१९७८ च्या श्रावणात धर्माजी तीन दिवसांच्या तापाने गेला. आम्ही कळवलं. फोर्टाने उत्तर दिलं की योग्य बदली माणूस मिळेपर्यंत तात्पुरती व्यवस्था करावी आणि व्यवस्थेचं स्वरूप कळवावं. पत्र हातात घेऊन मी बांधावर गेलो. झोपडी रिकामी असेल, जाळं गुंडाळून ठेवलेलं असेल, असं वाटत होतं.

ओहोटी लागली होती. शेवंती कासोटा घालून गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने वरची फळी उचलून बांधावर ठेवली होती आणि दुसरी खाचेतून ओढत होती. जाळं लावलेलं होतं.

"हात लाव, मेताजी," ती म्हणाली. "उबा काय ऱ्हायलास?"

मी चपला काढून उतरलो.

आता त्या बाजूला मी फारसा जात नाही. राहायला मीरा रोडला पूनम सागरमध्ये आहे, आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होतोय. आयुष्यभर पत्रं लिहिली, त्यांतली बहुतेक आठवत नाहीत. त्या दिवशीचं आठवतं. ओल्या पायांनी कचेरीत आलो, टाइपरायटरवर कागद चढवला, आणि व्यवस्थेच्या स्वरूपापुढे कोणताच शब्द लिहिला नाही. नुसतं लिहिलं, उघाडीवर शेवंती धर्माजी आहे.

जयकुमारभाईंनी वाचलं आणि सही केली.