माझ्या वाट्याचा अर्धा म्हसोबा

आमच्या वारज्यात सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक कट्टा आहे. तिथं आठवड्यातून दोनदा तरी वाद होतो, की धर्म देवानं दिला का माणसानं केला. एक माजी प्राध्यापक आहेत. ते सिंधू नदीच्या काठापासून सुरुवात करतात आणि घरी नळ जायची वेळ झाली की बुद्धाला अर्ध्यात सोडून उठतात. दुसरे एक बँकवाले आहेत, ते म्हणतात, भीतीपोटी झाला. तिसरे म्हणतात, प्रेमापोटी. मी शेंगदाणे खात गप्प बसतो. ज्या बाईची चार बाळंतपणं झाली आहेत तिनं बाळंतपणावरची व्याख्यानं काय ऐकायची?

मी एक देव केलेला आहे. एका रविवारी दुपारी, दोन ते सव्वादोन या वेळात. भीतीपोटी नाही आणि प्रेमापोटी तर मुळीच नाही. निव्वळ सूड म्हणून.

सूड कुणावर, तर माझ्या चुलतभावावर. वारजे गाव होतं तेव्हा आमच्या आजोबांनी जमिनीची दोन पोरांत वाटणी केली. गावाचं शहर झालं, शेतं गेली आणि उरली फक्त शेजारी शेजारी दोन घरं. त्याचं रस्त्याला लागून, आमचं मागं. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत नऊ फुटांचा बोळ, तो आमच्या वाट्याचा. बोळाच्या तोंडाशी त्याच्या बाजूला आजोबांनी रोवलेला हद्दीचा दगड. दगडाच्या पलीकडे तो, अलीकडे आम्ही. इतकं सरळ काम होतं. पण सरळ काम आमच्या दादाला पचत नाही. बाकी सगळं पचतं. माणूस असा, की रविवारी एकटा दीड किलो मटण खाऊन झोपला की त्याच्या घोरण्यानं खडकवासल्याच्या धरणाचे दरवाजे थरथरतात, आणि तिथले लोक उगाच भोंगा वाजवून नदीकाठच्यांना सावध करतात.

या दादानं दर पावसाळ्याला आपलं तारेचं कुंपण एकेक वीत बोळात सरकवलं. विचारलं की म्हणायचा, "आरं, माती सरकती, त्याला म्या काय करू?" आख्ख्या पृथ्वीची माती फक्त आमच्याच दिशेनं सरकत होती. बोळाच्या तोंडाशी मात्र तो दगड अडून बसला होता, म्हणून रिक्षा कशीबशी आत यायची. ती यायलाच हवी होती. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरकडे जायचं तर रिक्षा दाराशी लागली पाहिजे. नाही लागली, तर म्हातारीनं काठी टेकत, गटाराच्या फरशा चुकवत, दादाच्या खिडकीखालून रस्त्यापर्यंत जायचं. आणि खिडकीतून दादा म्हणणार, "काकू, चालावं मानसानं. तब्येतीला चांगलं आसतं."

मी मोजणीचा अर्ज केला. अर्ज केला म्हणजे विहिरीत दगड टाकला. आवाज यायची वाट बघत बसायचं. तेवढ्यात एका रविवारी सकाळी बघतो, तर हद्दीच्या दगडाभोवतीची माती उकरलेली आणि शेजारी पहार टेकवून ठेवलेली. म्हणजे दुपारची झोप झाली की दगड हलणार. सरकारी मोजणी वर्षानं आली असती, दादा चार वाजता उठला असता.

मी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "देवघरात शेंदूर हाय. तेल जरा जास्त घाल, न्हाईतर तडकतो."

दादाचं घोरणं सुरू झालं आणि मी कामाला लागलो. उकरलेली माती परत दाबली, दगडाला डोक्यापासून पायापर्यंत बोटभर जाड शेंदूर थापला, दोन चांदीचे डोळे चिकटवले, पुढं लिंबू ठेवलं. सव्वादोनला म्हसोबा तयार. चार वाजता दादा डोळे चोळत पहार घ्यायला आला आणि जागीच थिजला. चांदीचे डोळे त्याच्याकडे बघत होते. ते मी मुद्दामच त्याच्या खिडकीकडे तोंड करून बसवले होते.

"ह्यो कुठनं आला?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून असणार," मी म्हणालो. "तू उकरलंस म्हणून जागा झाला."

दादा काही खुळा नाही. दोन दिवसांनी तो चाकू घेऊन आला. "खाली काय हाय ते बघू तरी."

"बघ की," मी म्हणालो. "आजोबा सांगायचे, एकानं असाच शेंदूर खरवडला होता. त्याच्या हाताची बोटं मिटली ती मिटलीच. पुढं आयुष्यभर त्याला बायकोनं भरवलं. तुला वहिनी भरवतील ना?"

दादाला मरणाची भीती नाही, पण वहिनींच्या हातून मोजका घास मिळेल या विचारानं त्याला घाम फुटला. चाकू खिशात गेला. अशा रीतीनं माझ्या धर्माचा पहिला नियम तयार झाला: शेंदूर खरवडू नये. तो मी तीन सेकंदांत केला होता, आणि तो पुढं माझ्याच मुळावर येणार होता.

दगड वाचला, म्हणून मी आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो. पण शत्रू कसलेला होता. देव हलवता येत नाही ना, मग देव वाढवता येतो! पुढच्या अमावास्येला दादानं म्हसोबाला ओटा बांधला. देवाला प्रदक्षिणा हवी, म्हणून चारी बाजूंनी पाच पाच फूट. त्याच्या बाजूचे पाच फूट म्हणजे त्याचंच अंगण. माझ्या बाजूचे पाच फूट म्हणजे माझा बोळ. वर पत्रा, पत्र्याला घंटा. बोळाच्या तोंडाशी उरले फक्त चार फूट. रिक्षा रस्त्यावरच थांबायला लागली आणि आई काठी टेकत निघाली. खिडकीतून आवाज आलाच, "काकू, जाता जाता पाया पडून जावा."

त्या दिवशी मी ठरवलं. याला मारायचं नाही, याला धार्मिक करायचं.

माझी काकू, म्हणजे दादाची आई, फार भाविक. तिच्या कानात एक गोष्ट टाकली की ती संध्याकाळपर्यंत कर्वेनगरात पोहोचते. मी तिच्याशेजारी बसलो आणि दुःखी चेहरा करून म्हणालो, "काकू, स्वप्न पडलं. म्हसोबा म्हणाला, मला वशाटाचा वास सोसत नाही."

"आरं, म्हसोबाला तर बोकड लागतो की!"

"मी पण तेच म्हणालो. तर म्हणाला, मी तसला नाही."

झालं. महाराष्ट्रातला पहिला शाकाहारी म्हसोबा आमच्या बोळात निघाला. दादाच्या घरात रविवारचं मटण बंद. पंधरवड्यानं मला दुसरं स्वप्न पडलं: देवाकडे गाडीचं बूड करू नये. दादाची ती रणगाड्याएवढी गाडी दाराशी लागायची बंद झाली. तो ती पुलाखाली लावून चालत यायला लागला. बोळाच्या तोंडाशी मी उभा. म्हणालो, "दादा, चालावं माणसानं. तब्येतीला चांगलं असतं." तिसरं स्वप्न: ओट्यासमोर आवाज चढवू नये. ज्या माणसानं आयुष्यात साधी चहाची ऑर्डरसुद्धा ओरडल्याशिवाय दिली नव्हती, तो घरातल्या घरात कुजबुजायला लागला. सहा महिन्यांत दादा निम्मा झाला. शर्टात माणूस शोधावा लागायचा. खडकवासल्याचे दरवाजे शांत झाले.

इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे मी बायकोला सांगितलं नाही, पण तिला ते कळलं असावं, कारण काकूचा निरोप आल्यावर तिनं आमच्याही घरातलं मटण बंद केलं. "अहो, बोळ एकच आहे. वास काय कुंपण बघून थांबतो का?" मला मटणासाठी पार विश्रांतवाडीला मित्राकडे जावं लागायचं, आणि परत येताना बडीशेपेचं आख्खं पाकीट चावून संपवावं लागायचं. माझा देव, माझे नियम, आणि चोर मीच.

पण एक सांगायला हवं. दादा वाळला, कुजबुजला, चालला. ओटा मात्र एक इंच हलला नाही. उलट मंगळवारी रांगा लागायला लागल्या. आयटीतली पोरं परीक्षेला बसल्यासारखी हात जोडून उभी राहायची. आणि आईला त्या रांगेतून वाट काढत रस्त्यावर जावं लागायचं.

आणि मग, देवाच्या जन्माआधी केलेला माझा अर्ज फळाला येऊन मोजणीदार आले.

तरुण गृहस्थ होते, हातात नकाशा. त्यांनी चपला काढल्या, म्हसोबाला नमस्कार केला आणि मग म्हणाले, "काका, नकाशात इथं हद्दीचा दगड दाखवलाय. डोक्यावर छिन्नीची फुली असणार. ती दिसली तर मोजणी इथूनच धरतो. नाही दिसली, तर जागेवर जे आहे तेच लिहावं लागेल."

जागेवर जे आहे ते म्हणजे चार फूट. कायमचे.

"मग शेंदूर काढा," मी म्हणालो.

मोजणीदारांनी हात मागं घेतले. त्यांचा मदतनीस दोन पावलं सरकला. काकू किंचाळली, "बोटं मिटत्याल!" आख्ख्या गल्लीनं आपापली बोटं मुठीत लपवली. दादा भिंतीला टेकून हसत होता. आवाज न करता, कारण तो नियम होता.

मग मी ओरडलो. ओट्यासमोर, तिसरं स्वप्न मोडून. "अहो, हा देव मी केलाय! रविवारी दुपारी! शेंदूर आमच्या देवघरातला आहे! बोटांची गोष्ट माझी, मटणाची गोष्ट माझी, सगळं खोटं आहे!"

मला वाटलं होतं, आकाश कोसळेल. काकूनं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "लेकरा, तू केलास न्हवं, त्यानं तुझ्याकडनं करून घेतला."

दादा हळूच म्हणाला, "आनि न्हाईतरी आपल्या खानदानात तुझ्याएवढं डोकं हाय कुणाला? ते त्यानंच दिलं आसनार."

एकजण विश्वास ठेवेल तर शपथ! मी आईकडे बघितलं. ती दाराशी खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "बघतोस काय? तूच चढवलायस, तूच उतरव."

मी पहार उचलली. तीच, दादाची. खोटं माझं होतं, मला माहीत होतं, तीन सेकंदांत रचलेलं होतं. तरी पहिला घाव घालायच्या आधी मी एकदा बोटं उघडमीट करून पाहिली. हे मी कट्ट्यावर कधी सांगितलेलं नाही.

महिन्यामहिन्याला चढलेला शेंदूर एका टवक्यात निघाला, डोळ्यांसकट. खाली काळा दगड, आणि डोक्यावर फुली. आजोबांची. एक टोक झिजलेलं, पण स्वच्छ. मी विजयानं वळलो, तर गल्ली गुडघ्यांवर. "त्रिशूळ!" काकू रडत होती. "आतनं त्रिशूळ निघाला!" कुणीतरी नारळ फोडला. दगड माणसानं रोवला याचा पुरावा मी दाखवत होतो, आणि लोक त्याच पुराव्याला हळद-कुंकू वाहत होते.

मोजणीदार मात्र सरकारी माणूस. त्यांनी कुंकू बाजूला सारून फुलीवर टेप धरली. निकाल सरळ होता: बोळ नऊ फूट, हद्द दगडाच्या बरोबर मधून, माझ्या बाजूचा ओटा आणि कुंपण बेकायदा. ओटा फोडायला एकही मजूर तयार होईना, म्हणून तो मीच फोडला. दोन दिवस लागले. प्रत्येक घावाला मी दादाच्या खिडकीकडे बघत होतो, आणि घाव मोजून, चवीनं घालत होतो. तिसऱ्या दिवशी रिक्षा दाराशी लागली. आई बसली. बोळाच्या तोंडाशी तिनं रिक्षा थांबवायला लावली आणि दगडाला हात जोडले.

"आई, तुला तरी माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की. मानसानंच करायचा आसतो, देवाला काय हात असत्यात का?" मग रिक्षावाल्याला म्हणाली, "चल बाबा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. आई गेली. बोळ नऊ फूट आहे. दादाला मी माफ केलेलं नाही आणि त्यानंही मला केलेलं नाही. घराणंच तसं आहे. पण हद्द दगडाच्या मधून जाते, त्यामुळे अर्धा म्हसोबा त्याचा आणि अर्धा माझा. दर अमावास्येला दादा पलीकडे बसतो, मी अलीकडे. प्रत्येकजण आपापल्या अर्ध्याला शेंदूर लावतो. एकमेकांच्या बोटांवर नजर. एकदा मी नातेवाइकांच्या लग्नाला गेलो होतो, तर पठ्ठ्यानं माझ्या बाजूला बोटभर शेंदूर सरकवून ठेवला. तेव्हापासून मी एकही अमावास्या चुकवलेली नाही.

गेल्या महिन्यात मला सणकून ताप होता, थर्मामीटर फुटेल इतका. बायको म्हणाली, "अहो, एक दिवस नाही लावला तर काय बिघडतं?" मी म्हणालो, बिघडतं. शाल गुंडाळली, वाटी घेतली, थरथरत जाऊन बसलो. समोर दादा होताच, तोही खोकत. मी फुलीपाशी रेघ तपासत होतो, तेवढ्यात समोरच्या नव्या इमारतीतलं एक तरुण जोडपं थांबलं. मुलगी हळूच नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, एवढ्या तापात! किती डिव्होशन!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे. दोघांनीही चूक दुरुस्त केली नाही.

मी त्या दोघांना म्हणालो, "आधी चपला काढा."