मोहालीहून चालणारी सगळ्यांची दुर्बीण

आमच्या ऑफिसात किस्से आपोआप साचतात. डझनभर देश मिळून एक दुर्बीण चालवतात म्हटल्यावर दुसरं काय होणार! दुर्बीण परदेशात एका डोंगरावर. तिचे फोटो साफ करणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मोहालीत बसून सांभाळतो. आमच्या प्रमुख गिल मॅडम, हरप्रीत आणि मी. यंदा मात्र हे काम आमच्याकडून काढून युरोपातल्या मुख्यालयात न्यायचा ठराव आला. कारण? "मोहाली लांब पडतं." कुणापासून लांब, ते लिहिलं नव्हतं!

*

मोहालीशेजारच्या खरड गावातल्या माझ्या घरमालकीण आंटींनी विचारलं, "बेटा, ही दुर्बीण कुठल्या देशाची?"

"सगळ्यांची, आंटीजी."

"बिघडली की कोण बघतं?"

"आम्ही."

"मग तुमचीच की!"

आंटींना मुख्यालयात पाठवायला हवं होतं.

*

ऑनलाइन मीटिंगची वेळ नेहमी मुख्यालयाच्या सोयीची. आम्हाला जमत नाही म्हटलं की गोड उत्तर येतं, "रेकॉर्डिंग पाठवू." एकदा वेळ ठरवायची पाळी मॅडमची आली. त्यांनी सकाळचे नऊ ठरवले. आपले नऊ! युरोपातून मेलवर मेल: "आमच्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतील!"

मॅडमनी सगळ्यांना एकाच ओळीत कळवलं, "काळजी नको, रेकॉर्डिंग पाठवू."

*

ठरावाविरुद्ध बोलायला हरप्रीत स्वतः मुख्यालयातल्या सभेला जाणार होता. व्हिसाच्या खिडकीत साहेबांनी विचारलं, "तारे बघायला एवढ्या लांब? इथे दिसत नाहीत?"

"आमच्या झिरकपूरच्या दिव्यांच्या झगमगाटात या जी. एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवतो!"

व्हिसा मिळाला नाही. हरप्रीत म्हणाला, "यार, आकाशाला सरहद्द नसते असं पोस्टरवर छापतात. माझ्या पासपोर्टला कुणी कळवलंच नाही!"

*

मग सभेला आम्ही ऑनलाइन बसलो. नियम असा की हॉलमध्ये हजर असेल त्यानंच बोलायचं, त्यानंच मत द्यायचं. मी चिडून हात वर करायचं बटण दाबत राहिले. अध्यक्षांनी दोनदा सुनावलं, "मोहाली, तुम्हाला फक्त ऐकायची परवानगी आहे."

मतदानाआधी पाहुण्यांना दुर्बिणीचे ताजे फोटो दाखवायचे होते. पडदा काळा! मुख्यालयातल्या चौघांनी खटपट केली. काळाच! हरप्रीतचा हात कीबोर्डकडे गेला. मॅडमनी तो हळूच बाजूला केला.

शेवटी अध्यक्ष माइकवर आले. "मोहाली, ऐकताय ना?"

मॅडमनी माइक सुरू केला.

"ऐकतोय जी. तेवढीच तर परवानगी आहे!"