चिंच, घागर आणि पांढरा ओटा

अशी कल्पना करा: तांब्याची काळपट घागर तुमच्यासमोर आहे आणि मुठीत भिजलेली चिंच, वर चिमूटभर मीठ. दोनचार हात फिरले की काळपटाखालून गुलाबी तांबं डोकावतं. मग हात थांबवावासा वाटत नाही. मार्गासनी गावच्या धोंडाबाईंचाही थांबला नाही.

पुण्याच्या शेफालीताईंच्या फार्महाउसची किल्ली धोंडाबाईंकडे असते. आरशाला ओल्या वर्तमानपत्राचा बोळा, नळावरच्या पांढऱ्या डागांना लिंबाची फोड, स्टीलचं पातेलं करपलं तर सोडा घालून उकळी. प्रत्येक वस्तूचं औषध त्यांना पाठ. त्या शुक्रवारी मात्र त्यांनी घागर नव्या पांढऱ्या ओट्यावरच घासली. घागर लखलखली, आणि ओट्यावर तिच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ उमटलं. डाग समजून त्यांनी लिंबू चोळलं. वर्तुळ आणखी पसरलं.

उद्या ताई पाहुणे घेऊन येणार. आता किल्ली जाणार, हे धोंडाबाईंनी मनाशी धरूनच टाकलं. चुलत दीर गेनबा फरशी पॉलिश करतो; त्याला त्यांनी फोन लावला.

ओट्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "वहिनी, वट्याची कोशिंबीर केली व्हय?"

"थट्टा नगं. साबण लावू का?"

"डाग न्हाई ह्यो. आंबटानं वरचं कातडं खाल्लंय. संगमरवर म्हंजी चुनखडीच्या जातीचा. त्याला निस्तं ओलं फडकं, लई तर थेंबभर भांड्याचा साबण."

"चाळीस वर्सं पाट्यावर चिंच वाटली म्या. त्याला कधी काय झालं न्हाई!"

"त्यो आपला डोंगरातला काळा दगड. ह्यो नाजूक पाव्हना."

गेनबानं पाणी घालून बारीक पॉलिश पेपर फिरवला, वर पॉलिशची पावडर घासली. संध्याकाळपर्यंत चमक परतली, पण कोपऱ्यात रुपयाएवढा ठिपका राहिलाच.

"घागर ठिवा त्याच्यावर. कोन बगतंय?"

धोंडाबाईंनी ठेवली. पण शनिवारी ताई स्वयंपाकघरात आल्या आल्या धोंडाबाईंनीच ती उचलली. सगळं सांगितलं आणि किल्ली ओट्यावर ठेवली. ताईंनी ठिपका पाहिला, घागर पाहिली, आणि किल्ली परत त्यांच्या हातात दिली.

"मावशी, मलाही हे माहीत नव्हतं हो."

किल्ली कमरेला खोचली तशी धोंडाबाईंची भीड चेपली.

"मग एक सांगा ताई. लिंबू, चिंच, ताक, ह्याच्याबिगर सैपाक व्हतो कुठं? तर ह्यो दगड सैपाकघरात बसवायचं सुचलं कुनाला?"