ज्याला दिसलं, त्यानं मोडलं

सदर इसम, वय वर्षे बावन्न, बांधा मजबूत, वर्ण तांबूस (रागावल्यास जांभळा), हुद्दा : सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्याचा मालक, व्यवस्थापक व एकमेव वरिष्ठ अधिकारी. कामगारसंख्या पाच. कामगारांची एकही तक्रार नाही. तक्रार करणाऱ्याला तो मारत असे.

कामगार त्याला पाठीमागे ‘हातोडा’ म्हणत. उमेदीच्या काळात दुसऱ्याकडे सुऱ्यांना धार लावायचं घासकाम करताना त्यानं भरपूर मार खाल्ला होता आणि ते शिक्षण वाया जाऊ नये, अशी त्याची प्रामाणिक इच्छा होती. कारखान्यात नियम एकच : ज्याला मोडतोड दिसली, त्यानंच ती केली. मशीनचा पट्टा सैल झालाय हे सांगायला मामा आला, तेव्हा हातोड्यानं पाना मारून त्याचं नाक फोडलं. मामा म्हणजे तिथला सगळ्यात जुना घासकामवाला. सख्खा मामा कुणाचाच नव्हे. त्यानंतर पट्टा पुन्हा सैल झाल्याचं हातोड्याच्या कानावर आलं नाही. बायको म्हणायची, माणसं भितात हो तुम्हाला. तो म्हणायचा, भितात म्हणून तर वेळेवर येतात.

त्या सकाळी ग्राइंडरचं नवं दगडी चाक टेम्पोतून उतरवताना फरशीवर आदळलं. बसवण्याआधी मामानं सवयीनं त्यावर लाकडी मूठ वाजवून पाहिली. धड चाक घणघणतं. हे फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं. तो आवाज ओळखणारी सहा माणसं तिथं होती. सहावा फोनवर गिऱ्हाइकावर ओरडत होता. उरलेल्या पाचांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कुणालाच काही दिसलं नाही. चाक बसलं.

चालू मात्र कुणी करेना. मामा म्हणाला, खांदा धरलाय. हातोड्यानं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की मामा टेबलासकट सुऱ्यांच्या ढिगावर गेला. तळहात चिरला.

“काय झालंय चाकाला?”

“काही नाही, मालक.”

“कुणी पाडलं?”

मामानं हात शर्टात गुंडाळला. “कुणी नाही. चांगलं आहे चाक.”

“मग सरक, म्हाताऱ्या. फुकटचे गिळायला बसलेत सगळे.”

चाकावरचं लोखंडी झाकण कामात आड येतं म्हणून त्यानंच काढवलं होतं. तो समोर उभा राहिला, तसे पाचही जण भिंतीला जाऊन टेकले. माणसांना अजून अदब आहे, या विचारानं तो जरा सुखावलासुद्धा. बटण दाबलं, चाकानं वेग घेतला, त्यानं सुरी टेकवली. चाक फुटलं. एक तुकडा पत्र्यातून आरपार गेला. दुसऱ्यानं जबडा फोडून दात भिंतीपर्यंत उधळले. तिसरा उजव्या डोळ्यात रुतला.

पडल्या पडल्या त्याला उरलेल्या डोळ्यानं पाच जोड्या पाय दिसले. ‘धरा’ म्हणायला गेला, तर तोंडातून नुसता रक्ताचा फेस आला. पाय हलले नाहीत. जो पहिला हात लावेल, त्याच्यावर येणार, हे त्यानंच त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

चौकशीच्या कागदात पुढे अशी नोंद झाली, की जखमी मालकास कर्मचाऱ्यांनी तत्परतेने रुग्णालयात हलविले. त्याला उचलून नेलं ते शेजारच्या पंक्चरवाल्यानं.