फाटकआत्या आणि नदीवरचा कळप

माझी आत्या अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होती. गाडी यायच्या आधी फाटक पाडायचं, गेली की उचलायचं आणि मधल्या वेळात लोकांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. सगळं जग तिच्यासमोरून कुठे ना कुठे गेलं, ती मात्र तिथंच. तिच्या खोलीत एकच चित्र होतं, कॅलेंडरमधून कापलेलं. हजारो विल्डबीस्ट, म्हणजे आफ्रिकेतली ती रेड्यासारखी दाढीवाली जनावरं, नदीत उड्या घेतायत. गवताच्या मागे मागे हे कळप दरवर्षी ती नदी ओलांडतात. "एकदा हे मला डोळ्यांनी बघायचंय," असं ती म्हणायची आणि आम्ही "हो हो" म्हणून चहा प्यायचो.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती वही घेऊन माझ्या वडिलांसमोर बसली. "दादा, तू येतोयस. ही पण येतेय." ही म्हणजे मी. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

सहलीच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी रंगीत कागद पसरला. सात दिवस, पाच जंगलं, सिंह, हत्ती, शिवाय फुग्यातून फेरी. आत्यानं चष्मा लावून सगळं वाचलं.

"नदी कधी?"

"चौथ्या दिवशी दुपारी. दोन तास."

"हे जनावरांना कळवलंय का?"

गृहस्थ हसले. आत्या हसली नाही. "मला सातही दिवस नदीच पाहिजे."

बाबांनी कपाळावर हात मारला. "एका जागी बसायला एवढ्या लांब जायचं? मग फाटक काय वाईट होतं!"

"बसायला अक्कल लागते, दादा. वाट बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

मग तिनं तिथूनच तिकडच्या जीपच्या, हिंदी जाणणाऱ्या ड्रायव्हरला फोन लावायला लावला. जनावरं कुठून उतरतात, असं विचारलं. तो म्हणाला, सपाट काठ आहे, सगळ्या गाड्या तिथं थांबतात. "मी गाड्यांचं विचारत नाही, जनावरांचं विचारतेय," आत्या म्हणाली. मग तो म्हणाला, एक अडचणीची घळ आहे, उतार वाईट आहे, पण पायवाटा तिथंच पडल्यात. "मग तिथं उभं राहायचं. लोक एवढा चांगला पूल सोडून रुळांवरूनच जातात, जनावरं काय वेगळी असतात?" वहीत तिनं घळ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पहिले पाच दिवस आम्ही त्या घळीपासून थोडं अलीकडे, एका अरुंद वाटेवर बसून काढले. नदी, मगरी, धूळ आणि बाबांची कुरकुर. संध्याकाळी मुक्कामावर बाकीचे लोक सिंहांचे फोटो दाखवायचे आणि बाबा माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच त्यांना फसवून आणलंय. मलाही आत्याचा राग यायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

सहाव्या दिवशी कळप आला. घळीच्या तोंडाशी दाटी झाली, पुढची जनावरं पाण्याचा वास घेऊ लागली. आणि तेवढ्यात सपाट काठावरच्या वीसेक जीप धुरळा उडवत आमच्या बाजूनं पुढे घुसल्या. प्रत्येकाला आपलंच घोडं पुढे दामटायचं होतं. कळप बुजला, वळला आणि माळावर दिसेनासा झाला.

आत्या त्या संध्याकाळी जेवली नाही.

"चूक माझीच," शेवटी ती म्हणाली. "मी कळपाकडे बघत बसले. अठ्ठावीस वर्षांत मी कधी गाडीकडे बघत बसले का? बघायचं असतं रस्त्याकडे."

सातवा दिवस शेवटचा. उजाडताच तिनं ड्रायव्हरला जीप वाटेवर आडवी लावायला सांगितली. तो खूश झाला, कालचा राग त्यालाही होताच. दहाच्या सुमारास कळप परत आला, कालच्यापेक्षा मोठा. आणि मागून जीप आल्याच.

आत्या उघड्या टपातून उभी राहिली, नदीकडे पाठ करून. एक हात वर केला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. ओरडली नाही की हातवारे केले नाहीत. तिची भाषा न कळणारी माणसं होती ती, पण पहिली जीप थांबली, तिच्यामागे दुसरी, मग सगळी रांग. इंजिनं बंद झाली.

मागे घळीत पहिलं जनावर उतरलं. मग दुसरं. मग मोजता येईना. पाण्याचा आवाज एवढा झाला की ड्रायव्हर आनंदानं काय ओरडतोय तेही ऐकू येईना. आणि आत्या तशीच उभी, रांगेकडे तोंड करून. हात खाली घेतला असता तर गाड्या बाजूच्या गवतातून घुसल्या असत्या. ज्याच्यासाठी आयुष्यभर थांबली ते तिच्या पाठीमागे चाललं होतं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाबा उठले. ते तिच्या शेजारी टपातून वर आले आणि त्यांनी आपले दोन्ही हात वर केले.

"वळ," ते म्हणाले. "मी धरतो यांना."

"दादा, तुला दिसणार नाही."

"वळ म्हणतो ना!"

आत्या वळली. तिनं दोन्ही हातांनी टपाची कड धरली आणि हसायला लागली, लहान मुलीसारखी, मोठ्यानं. चाळीस मिनिटं कळप नदी ओलांडत होता आणि चाळीस मिनिटं ती पापणी लवू न देता बघत होती. एकही जीप हलली नाही.

घरी परतल्यावर शेजारचे काका विचारायला आले, कसं काय होतं ते दृश्य? बाबा दुखरा खांदा चोळत बसले होते.

"मला काय विचारता," ते ऐटीत म्हणाले. "हिला विचारा. हिनं पाहिलंय."